डुगडुगता कमोड

नवीन कमोड बसवला आणि तिसऱ्याच दिवशी तो डुगडुगायले लागला. जुन्याले तडा गेला म्हणून बदलला होता. चौबे कॉलोनीतल्या आमच्या या घरात दुसरा कमोड नाही, आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तिले खाली बसता येत नाही. वडिलांनी घर बांधताना बाथरूमची फरशी जाळीकडे चांगली उतरती करून घेतली होती, बादलीनं धुतलं की पाणी सरळ निघून जावं म्हणून. अशा उतारावर आधी सपाट बैठक करावी लागते, एवढं मलेही कळते. प्लंबरनं काय केलं? खालच्या बाजूले फुटक्या टाइलचा तुकडा सारला, भोवती पांढरं सिमेंट फासलं आणि हात धुऊन मोकळा झाला.

सिमेंट तडकलं. बोलावलं, तर पुन्हा सिमेंटच फासून गेला. तेही तडकलं. मग मी फोनवर ओरडली. तो प्रत्येक वाक्याले 'हव दीदी' म्हणे, म्हणजे हो हो म्हणे, आणि शेवटी सांगे की थोडं तर हलणारच. थोडं! म्हाताऱ्या माणसाले तिथं धरायले काही नाही, आणि याचं आपलं थोडं! माझं डोकं असं तापलेलं की भांडी आदळतच सैपाक होत होता. आईनं मात्र तक्रारीचा एक शब्द काढला नाही. मले वाटलं, तिचं निभून राहिलं आहे.

तीन आठवड्यांनी आईले ताप भरला, लघवीले जळजळ. डॉक्टरनं विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? तेव्हा मले तिच्या पलंगाजवळचा तांब्या आठवला. रोज सकाळी मी तो भरून ठेवत होती आणि दुसऱ्या सकाळी भरलेलाच उचलून तुळशीत ओतत होती. दुपारचा चहाही तिनं सोडला होता. तिकडे जावंच लागू नये म्हणून बाई पाणीच पीत नव्हती. हे सारं माझ्या डोळ्यांसमोर होऊन राहिलं होतं, आणि मी गाढवासारखी प्लंबरशी भांडण्यात गुंतली होती.

दुसऱ्या दिवशी त्याचं भनपुरीतलं दुसऱ्या घरचं काम सोडायले लावून मी त्याले बोलावलं. पठ्ठ्या पुन्हा सिमेंटचीच पुडी घेऊन आला. मी कमोडकडे बोट दाखवलं.

"बैठिए."

तो हसला. मी हसली नाही. पन्नाशीचा माणूस, कपड्यांसकट लाजत लाजत बसला. कमोड एका अंगाले कलला आणि त्यानं घाबरून नळाचा पाइप धरला.

"अब बिना पकड़े उठिए. मेरी माँ ऐसे ही उठती है."

त्याच्यानं पाइप काही सोडवेना. मग मात्र तो कामाले लागला. कमोड उचलला, टाइलचा तुकडा फेकला, फरशी टोचून घेतली, सिमेंट-रेतीची सपाट बैठक भरली, वर कमोड ठेवला आणि पिशवीतून पहिल्यांदाच लेवलची पट्टी काढली. बुडबुडा मधोमध येईपर्यंत मी त्याच्या डोक्यावर उभी होती. बैठक वाळेपर्यंत दोन दिवस आईले शेजारच्यांकडे नेत होती.

तिसऱ्या दिवशी आई आत जाऊन आली. नाही हलत, म्हणाली. आणि मी, आवाज अजून चढलेलाच, तिच्यावरच घसरली.

"मले पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं?"

आई पलंगावर टेकली. "सांगितलं असतं तर तू पुन्हा ओरडली असती, घरभर आदळआपट केली असती. त्या कमोडपेक्षा मले तुझीच भीती जास्त वाटे, पोरी."

मले राग आला. भयंकर आला, आणि या वेळी तो काढायले माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. आईनं तांब्या तोंडाले लावला आणि एका दमात अर्धा रिकामा केला. मी तो तिच्या हातातून घेतला, भरून आणला आणि आवाज न करता खाली ठेवला.