तात्यांची डबल बेल

तात्या गेल्याचं मला पोलादपूर स्टँडवर कळलं. महाबळेश्वरच्या गाडीतून उतरलो, तर चहावाल्यानं ग्लास पुढे करायच्या आधीच सांगितलं, "तुमचे ड्रायव्हर गेले." एरवी माझं तोंड कुणाच्याही आधी सुटतं. त्या दिवशी ग्लास तसाच ठेवून तात्यांच्या घरची वाट धरली.

चौदा वर्षं ते आंबेनळी घाटात गाडी चालवायचे आणि मी मागे तिकिटं फाडत प्रवाशांची करमणूक करायचो. मी दोरी दोनदा ओढायची, डबल बेल वाजायची, की गाडी निघाली. वळून बघणं त्यांना ठाऊकच नव्हतं. निवृत्तीनंतर शुगरनं त्यांची नजर नेली. पत्नी आधीच वारलेली. पडवीत उरले ते आणि त्यांची कुत्री, स्टेपनी. हे नाव मी ठेवलेलं, कारण ती कायम त्यांच्या मागे. पण नेमकी पायात यायची. दोनदा आपटल्यावर तात्यांनी ठरवलं, ती कुठे आहे ते तिनंच सांगायचं. "हात" म्हटलं की तळव्याला नाक टेकवायचं, मग चिमूटभर सुकट. महिनाभर सगळी पडवी सुकटीनं घमघमत होती. एकदा मीच ओलं बोट हळूच त्यांच्या तळव्याला लावलं. "कंडक्टर," ते शांतपणे म्हणाले, "स्टेपनी तंबाखू नाय खात."

दिवसकार्य झाल्यावर तिला आणि खाटेजवळचा त्यांचा तांब्या मी महाडला घरी आणला. माझ्या घरातही बोलणारा मी एकटाच. तळवा पुढे धरून "हात" म्हणालो. तात्यांचा आवाज काढला. नकला करण्यात माझा हातखंडा, पण ती दाराशी पडून राहिली. भाताला तोंड लावीना, सुकटीलाही नाही. पाचव्या दिवशी वाटलं, हिला परत सोडून यावं, नाहीतर माझ्या दारात मरेल... विचार करता करता एका हातानं तांब्यावर दोन टिचक्या मारल्या. टण टण. लोंबत्या दुसऱ्या हाताला गार, ओलं काहीतरी टेकलं.

तेव्हा कुठे लक्षात आलं. "हात" म्हणायच्या आधी तात्या दरवेळी तांब्यावर दोनदा वाजवायचे. त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. स्टेपनी शब्द शिकलीच नव्हती, ती बेल शिकली होती. मी दर रविवारी त्यांच्या पडवीत तासभर गप्पा ठोकून उठायचो. बाकीचे सहा दिवस माझी बेल तेच देत बसायचे...

तांब्या आता माझ्या खिडकीत असतो. रोज संध्याकाळी दोनदा वाजवतो. स्टेपनी येते, नाक टेकवते, सुकट खाते आणि दाराकडे बघत बसते. मीही बघतो. बेल दिलेली असते... गाडी हलत नाही.