लोकरीतलं खिंडार

डेलिया जॉयसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या भावाच्या, फेस्टसच्या, घराचं धुराडं दिसतं. मध्ये फक्त दोन शेतं आणि एक दगडी भिंत. भिंतीत वाट होती तेव्हा चुलीवर किटली ठेवून निघालं तर पाणी उकळायच्या आत माणूस फेस्टसच्या दारात पोचायचा. चार मिनिटं, मोजून. पण गेली एकोणीस वर्षं डेलियाला त्याच दारात जायला खाली रस्त्यावर उतरून, पुलाला वळसा घालून, चार किलोमीटर सायकल हाणावी लागत होती. कारण ती वाट कोलमनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दगड रचून बुजवून टाकली होती.

भांडणाचं मूळ एक मेंढा. कोलमनच्या मेंढ्या काळ्या तोंडाच्या, डोंगरावर चरणाऱ्या, काटक. फेस्टसच्या गॉलवे जातीच्या, पांढऱ्या, गुबगुबीत, समुद्राकाठच्या गवतावर पोसलेल्या. एका नोव्हेंबरात फेस्टसचा मेंढा त्या वाटेने पलीकडे शिरला आणि एप्रिलात कोलमनच्या कळपात जी कोकरं जन्मली ती ना डोंगरावर टिकणारी, ना बाजारात दाखवण्यासारखी. कोलमनने एक शब्द न बोलता वाट बुजवली. फेस्टसचं म्हणणं, वाट माझ्या आजोबांपासूनची आहे, आणि वर ते दगडही माझ्याच बाजूचे उचललेत. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. आमच्या गॉलवे भागात रस्त्यात समोरून गाडी आली की माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, मग समोर ओळखीचा असो की परका. हे दोघे समोरासमोर आले की चारही हातांची बोटं स्टिअरिंगला चिकटायची.

बाईने करायचं काय? रविवारी चर्चमध्ये नवरा पुढच्या बाकावर, भाऊ मागे दाराशी उभा, आणि ही मधे. दोघांनाही सांगून पाहिलं. दोघेही तिचं ऐकून घेत आणि चहा मागत.

हे असंच रडतखडत चाललं असतं. पण गेल्या जानेवारीत एका सकाळी दहा वाजले तरी फेस्टसच्या धुराड्यातून धूर निघेना. डेलिया खिडकीशी उभी राहिली, मग दाराशी, मग सरळ भिंतीपाशी गेली. भिंत छातीभर उंच, वर काटेरी तार, आणि हिचं वय सदुसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला. कोलमन मेंढ्यांमागे डोंगरावर गेलेला. रस्त्यावर बर्फाची काच झालेली, त्यामुळे सायकल हातात धरून चालत जावं लागलं. तासाभराने पोचली तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा फेस्टस अंगणात घोटा मोडून पडला होता. ओठ निळे, आणि कुत्रा अंगाला चिकटून बसलेला. डॉक्टर म्हणाले, त्या कुत्र्याचे उपकार माना. वाचला, पण थोडक्यात.

त्या दिवसापासून डेलिया सकाळी उठली की आधी धूर बघायची आणि मग तोंड धुवायची. कोलमनला तिने स्पष्ट सांगितलं, पुढच्या वेळी माझा भाऊ त्या भिंतीमुळे मरेल.

"त्याने येऊन मागितली तर देईन की वाट," कोलमन म्हणाला.

फेस्टस प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून म्हणाला, "माझीच वाट मी मागू?"

दोघांचं तेच, शब्द तेवढे वेगळे.

डेलियाचा जीव रमायचा तो गोठ्यामागच्या खोलीत. लोकरीला कुणी विचारेनासं झाल्यापासून घराघरांत कातरलेल्या लोकरीच्या गोण्या कुजत पडतात. ते तिला बघवेना. बारा वर्षांपूर्वी ती बुरणूस करायला शिकली. यात विणणं नाही की सूत कातणं नाही. लोकर धुवायची, पिंजायची, आडवे-उभे थर घालायचे आणि गरम साबणपाण्यात रगड रगड रगडायचं, की तंतू एकमेकांत असे गुंततात की पुन्हा कुणाच्या बापाला सुटायचे नाहीत. आधी तिने बुटांतले तळवे केले, मग किटलीच्या टोप्या, आणि मग चित्रं: डोंगर, खाडी, पाऊस. चित्रांत पाऊस जरा जास्तच आहे, पण त्याला तिचा इलाज नाही.

यंदा गावच्या सभागृहाला नवी भिंत झाली आणि तिथल्या चिटणीस कन्सेप्टाबाईंनी फर्मान काढलं की भिंतीवर डेलियाने गावाचा नकाशा करावा. अकरा घरं, अकरा घरांची शेतं, आणि ज्याचं शेत त्याच्याच मेंढ्यांच्या लोकरीचं. मेंढ्यांवर मालक खुणेचा रंग लावतात, तो भाग एरवी कापून फेकावा लागतो. डेलियाने तो जपून ठेवला आणि ज्याच्या त्याच्या शेतात एकेक चिमूट पेरली. कोलमनच्या शेतात लाल, फेस्टसच्या निळी. मधल्या भिंती काळ्या मेंढीच्या लोकरीच्या. आणि ती एक भिंत? विचार करून तिने ती अखंड घातली, आहे तशी. सभागृहात सगळ्यांदेखत तमाशा नको.

नकाशा एवढा मोठा की सभागृहाच्या फरशीवर नऊ बायकांनी दोन दुपारी तो चटईत गुंडाळून पुढेमागे लाटला. जीभही हातांइतकीच चालत होती. शेवटी पिळून, धुऊन, डेलियाने तो घरी आणला आणि गवत साठवायच्या छपराखाली वाळत टाकला.

शुक्रवारी वाळला. रविवारी उद्घाटन. डेलियाने तो पसरला, तर नकाशा बिघडलेला.

चूक तिचीच होती, आणि इतक्या वर्षांच्या हाताने करू नये अशी. गॉलवे मेंढीची मऊ लोकर साबणपाणी लागलं की भराभर आकसते. डोंगरी लोकर राठ, हात मोडले तरी ढिम्म. हे तिला झोपेतही ठाऊक होतं, पण भांडणाच्या धास्तीत दोघांच्या लोकरीचे थर तिने अगदी सारखे घातले, कुणाला कमी-जास्त वाटू नये म्हणून. झालं भलतंच. फेस्टसचं शेत आकसलं, कोलमनचं जिथल्या तिथे राहिलं, आणि त्या ओढाताणीत मधली काळी भिंत तुटून बोटभर खिंडार पडलं. वर त्यातून पांढरे तंतू कोलमनच्या शेतात शिरले होते, अगदी त्या मेंढ्यासारखे.

तिने काळ्या लोकरीची चिमूट घेतली, टोचायची सुई घेतली आणि खिंडार बुजवायला बसली. पाचदहा टोचे घातले असतील. मग हात थांबला. एका भिंतीपायी भाऊ अंगणात निळा पडला होता, आणि ती इथे बसून तीच भिंत पुन्हा बांधत होती. स्वतःच्या हाताने. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने ती चिमूट उपटून काढली, सुई डब्यात टाकली आणि कन्सेप्टाला फोन करून सांगितलं, "गाडी पाठव. झालंय."

रविवारी चर्च सुटल्यावर सगळा गाव सभागृहात लोटला. चहा, हॅमची सँडविचं, डेलियाचे दोन सफरचंदाचे केक. नकाशा भिंतीवर चढला आणि जो तो आपलं शेत शोधून तक्रार करू लागला. कुणाचा ओढा वाकडा, कुणाचं गोठ्याचं छप्पर राहून गेलं. मागून एकाने टोला हाणलाच, की कोलमन, जमीन बरीच वाढली रे तुझी. लोक हसले आणि लगेच बाजूला सरले, कारण काठी टेकत फेस्टस पुढे येत होता.

तो नकाशासमोर उभा राहिला. त्याच्या एका बाजूला कोलमन होता, हातभर अंतरावर. एकोणीस वर्षांत इतके जवळ ते कुणाच्या मयतीलाही आले नव्हते. डेलियाने हातातली बशी खाली ठेवली. सगळं संपलं, असंच तिला वाटलं. आता हा बोलेल, तो उलटून बोलेल, आणि उरलीसुरली आशाही जाईल.

फेस्टसने चष्मा लावला, खिंडारावर बोट ठेवलं आणि बहिणीकडे वळून म्हणाला, "वाट इथे नव्हती."

"नव्हतीच," कोलमनही तिच्याकडेच बघत म्हणाला. "वर होती. काटेझुडपापाशी."

"काटेझुडपापाशी कुठली? खाली, सपाट दगडाला लागून."

"सपाट दगड झुडपाच्या वर आहे."

"वर? अरे, त्या दगडावर बसून मी लहानपणी भाकरी खाल्लीय."

"मग चढून बसला असशील. ती वाट मी बुजवलीय, मला माहीत."

"आणि मी तिच्यातून चालत आलोय, तुझ्या लग्नालासुद्धा."

हे शेवटचं दोघे थेट एकमेकांशी बोलले. त्यांच्या ध्यानात आलं नाही, पण सगळ्या सभागृहाच्या आलं. डेलियाने आवाज साधा ठेवला.

"लोकर एकदा गुंतली की मला ती हलवता येत नाही," ती म्हणाली. "पण नेमकी जागा सांगितलीत तर दुसरी वाट कापून देईन. बघून या आणि सांगा."

"बघायचं काय त्यात," असं दोघेही पुटपुटले. पण माघार घेणार कोण? रविवारच्या बुटांनिशी दोघे बाहेर पडले. फेस्टसचा पाय अधू, म्हणून कोलमनने गाडीचं दार उघडलं, जणू पोतं चढवायचंय अशा चेहऱ्याने.

डेलिया कप विसळत राहिली. एक कप तिने तीनदा विसळला. कन्सेप्टाने शेवटी तो तिच्या हातातून काढून घेतला, उरलेला केक फडक्यात बांधून दिला आणि तिला घरी सोडलं. घरी येऊन डेलियाने सवयीने किटली ठेवली आणि घाबरत घाबरत खिडकीपाशी गेली.

दोघे भिंतीपाशी होते. वाटेच्या दोन्ही अंगांना पूर्वी एकेक उभा दगड रोवलेला होता, हे दोघांनाही मान्य होतं. कुठे, एवढाच प्रश्न. आणि ते उभे दगड दिसायचे तर मधले रचलेले दगड काढायला हवेत. फेस्टस काठीने दाखवत होता आणि कोलमन कोट काढून, तार बाजूला ओढून, स्वतः रचलेले दगड एकेक करून उतरवत होता. बाहीने घाम पुसत होता, हात उडवून वाद घालत होता, आणि पुन्हा वाकून दगड काढत होता. गुडघ्याएवढी भिंत उरली, मग घोट्याएवढी.

डेलियाचा जीव भांड्यात पडला. तिथेच, खिडकीपाशी, ती ओट्याला धरून हमसून हमसून रडली. मग तोंड धुतलं, फडक्यातला केक उचलला आणि बाहेर पडली.

ती पोचली तेव्हा दोन्ही उभे दगड उघडे पडले होते. एकाला काटेझुडूप लागून, दुसऱ्याला सपाट दगड लागून.

"बघ, झुडपापाशी," कोलमन म्हणाला.

"बघ, सपाट दगडापाशी," फेस्टस म्हणाला.

"बाजूला व्हा," डेलिया म्हणाली आणि दोघांच्या मधून पलीकडे गेली.

फेस्टसच्या स्वयंपाकघरात तिने चूल सारखी केली, किटली ठेवली, तीन कप मांडले. बाहेर दोघांचं अजून चालूच होतं. वादाची गाडी आता मेंढ्यावर आली होती, आणि कोकरं नेमकी किती होती यावर अडली होती. एकोणीस वर्षं तिने हेच भांडण दोन घरांत वेगवेगळं, अर्धं अर्धं ऐकलं होतं. आज पहिल्यांदा ते अख्खं कानावर पडत होतं आणि तिला फार बरं वाटत होतं. दगड पुन्हा रचायचं दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

आत शिरताच तिने घड्याळात पाहिलं होतं. घरून निघतानाही पाहिलं होतं. गुडघ्यापायी चाराची नऊ मिनिटं झाली होती. घरची किटली एव्हाना उकळून कोरडी पडली असणार.

नऊ तर नऊ, ती म्हणाली, आणि दोघांना चहाला हाक मारली.