साडभाऊंचा तळहात

कानानं कमी ऐकणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आपल्याला सगळं ऐकू येतं आणि जगच हळू बोलतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, निघाला. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडची शेती धाकट्या भावावर सोपवून ते इथे आले आणि लोखंडी प्लेटांवर घण घालायला लागले. चार-पाच वर्षांत कान कुरकुरू लागले. "मले सारं ऐकू येते, लोकच हळू बोलून राहिले," असं त्यांचं म्हणणं. कोणी काहीही बोललं तरी उत्तर ठरलेलं, "हावो ना, जमानाच तसा हाय." बहुतेक वेळा ते खपून जायचं. चरोद्याच्या एका रेल्वेबाबूंनी मुलगा झाल्याचे पेढे दिले, तेव्हा मात्र खपलं नाही.

दुसरी खोड तळहाताची. दिसेल त्या वस्तूवर तो ठेवायचा. रेडिओवर हात ठेवून मान डोलवायची, ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, शिलाई मशीनवर ठेवायचा, झोपलेल्या मांजरावर तर तासन्‌तास. मांजराची घुरघुर त्यांना कुठल्याही गवयापेक्षा जास्त आवडे.

एकदा त्यांच्या हाताखालच्या एका उडिया गड्यानं बातमी आणली, की गोपालपूरच्या बाजूला समुद्रकाठी एका म्हाताऱ्या मास्तरांनी घरातच गावठी वाद्यांचं संग्रहालय मांडलंय आणि त्यात चिकारा नावाचं सारंगीसारखं वाद्य आहे. साडभाऊंचे वडील गावच्या दंडारीच्या नाचगाण्यात हाच चिकारा गजानं वाजवत. ते गेले आणि वाद्य वाळवीनं खाल्लं. मला बाजूला घेऊन साडभाऊ अगदी खासगीत म्हणाले, "कान पुरते जायच्या आत एक डाव ऐकायचा हाय." त्यांचं खासगी कारखान्याच्या वसाहतीतल्या आख्ख्या सेक्टरनं ऐकलं.

झालं, कोणाची तरी जीप मागून आणली आणि साइटवरची टाकून दिलेली ताडपत्री तंबू म्हणून घेतली. ताई भडकल्या. "क्वार्टर भेटायच्या आधी दोन वर्सं तंबूत काढले. आता सुट्टीतबी तंबूच कावून?" साडभाऊ म्हणाले, "हावो ना, जमानाच तसा हाय." वाटेत जीप बंद पडली की ते बॉनेटवर हात ठेवून वैद्यासारखे डोळे मिटायचे. समुद्र आला तेव्हा त्यांनी लाटांनी हादरणाऱ्या वाळूवर तळहात टेकला आणि समाधानानं सांगितलं, "इथंबी काम चालू हाय."

संग्रहालयात दारावरच पाटी, वाद्यांना हात लावू नये. ती वाचून साडभाऊंनी हात पाठीमागे बांधले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. चिकारा दिसला आणि ते थांबले. मी मास्तरांना मोडक्यातोडक्या हिंदीत सारं सांगितलं. त्यांनी चिकारा उतरवला, खुंट्या पिळल्या आणि वाजवायला घेतला. बारीक, गोड आवाज होता. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. साडभाऊ मात्र नुसते गजाकडे बघत होते.

"सुरू कवा करते?" त्यांनी मला विचारलं.

तेव्हा मास्तरांनीच एका हातानं त्यांचा तळहात ओढला आणि चिकाऱ्याच्या लाकडावर टेकवून पुन्हा गज फिरवला. साडभाऊंनी डोळे मिटले. बराच वेळ मान हलली नाही, मग हळूहळू डोलायला लागली.

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "आला का ऐकू?"

"हावो ना," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्या दिवशी बोलले नाहीत.

आता त्यांचे कान पुरते गेले आहेत. मी क्वार्टरवर गेलो की शेजारी बसवून घेतात, माझ्या पाठीवर तळहात ठेवतात आणि म्हणतात, "बोल." मग मी बोलत सुटतो, कारखान्याचं, घरचं, काहीबाही. किती पोहोचतं कोण जाणे. पण तो हात पाठीवरून निघेपर्यंत माझ्यानं थांबवत नाही.