काडतुसं कोणी दिली?

“जा रे, उचल. तुमच्यात सवय असते.”

मॅनेजर साहेब हे मराठीत बोलले. मुद्दाम. बाकीच्या पाहुण्यांना कळू नये आणि मला मात्र नीट कळावं म्हणून. समोर खजुराच्या झाडाखाली होला पडला होता. पंख झाडत होता, अजून मेला नव्हता. बंदूक हातात घेऊन कंत्राटदार शेठ खुर्चीतच बसले होते आणि हसत होते.

मी गेलो. उचलला. गरम होता. मान लोंबत होती आणि रक्त मनगटावरून बाहीत उतरलं. शुक्रवारच्या सुट्टीचा माझा पांढरा, इस्त्रीचा शर्ट. मी परत वळतो तोच डोक्यावरून दुसरा बार गेला. मी खाली बसलो. बसलो कसला, पडलोच. खुर्च्यांमधून हशा उठला.

“अरे, डरता क्यों है?” शेठ ओरडले. “छर्रा है, तोप नहीं. यल्ला, दूसरा लाओ!”

रास अल खैमाजवळची ती शेठची भाड्याची बाग. “मटणाचं जेवण आहे, चल,” असं साहेब म्हणाले होते. मला वाटलं, बोलावलंय. मी दाढी करून आलो होतो.

माझ्याबरोबर पक्षी उचलायला मुनीर होता. बागेचा माळी, सिलहटचा बांगलादेशी, माझ्यापेक्षा वयानं मोठा. हळूच म्हणाला, “भाई, झुक के चलो. ये लोग पी के मारता है.” आम्ही वाकून चालत होतो. दोन धडधाकट माणसं, कुत्र्यासारखी.

सवय असते म्हणे. होती सवय. आमच्या गावात मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्या आळीचं. बैल मेला की गावातून हाळी यायची, “उचला रे!” एवढंच. आज्याच्या पिढीनं एक दिवस ठरवलं, नाही उचलायचं. ढोर रस्त्यात सडलं. गावानं आमचा किराणा बंद केला, गिरणी बंद केली, शेवटी लाठ्या घेऊन आळीत शिरलं. आज्याचा हात मोडला आणि वाकडाच जुळला. त्याच हातानं धरून त्यानं मला शाळेत घातलं. मी शिकलो, पासपोर्ट काढला, समुद्र ओलांडला, एसी लावलेल्या दुकानात नोकरीला लागलो. आणि करत काय होतो? मेलेलंच उचलत होतो.

दुकान दुबईत, देऱ्यात. तंबू, दुर्बिणी, ससाण्यांच्या डोक्यावर घालायच्या कातडी टोप्या, असं शिकारीचं सामान. मागे लोखंडी कपाटात काडतुसं. दुकानाचं लायसन्स एका म्हाताऱ्या अरबाच्या नावावर. तो आमचा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार; आम्ही त्याला अरबाब, मालक, म्हणायचो. महिन्यातून एखादवेळी यायचा, कावा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, प्यायचा आणि दर वेळी कपाटाकडे बोट करून एकच गोष्ट सांगायचा. पोलिसांचं परमिट असेल तरच काडतूस. नसेल तर ममनूअ. म्हणजे मनाई. मग समोर कोणीही असो.

बाकी दुकान साहेब चालवायचे. पुण्याचे. शारजाला अल मजाजमध्ये तलावाकाठी फ्लॅट, मुलं इंग्रजीत उत्तरं देणारी. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग, “गावात नेमकं कुठे?” मी सांगितलं. ते हसले आणि “अच्छा अच्छा” म्हणाले. गणपतीला सगळ्या स्टाफला फ्लॅटवर बोलावलं, तेव्हा मला म्हणाले, “तू खाली गाडीपाशी थांब, पार्किंगचा फार प्रॉब्लेम आहे.” प्रसाद ड्रायव्हरच्या हाती खाली आला. मी खाल्ला. भूक लागली होती आणि शिरा छान होता. लाज नंतर वाटली, आणि मग बरीच वर्षं वाटत राहिली.

दुकानात टीव्ही होता. त्या दिवसांत अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेत पोरांनी पोरांवर गोळ्या झाडल्याची बातमी सारखी चालू होती. सूट घातलेले लोक भांडत होते की गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराला पकडायचं की नाही. साहेबांना असल्या चर्चेत फार गोडी.

“दुकानदाराचा काय संबंध?” ते म्हणाले. “उद्या सुरी विकणाऱ्याला खुनी म्हणाल. ज्याचं बोट, त्याचं पाप. सिंपल.”

मी म्हणालो, “साहेब, मग आपला अरबाब परमिट का मागतो?”

“ती फॉर्मॅलिटी असते. तू मेंदूला त्रास देऊ नकोस.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका गुरुवारी, शेठ दुकानात आले. बिल्डिंगांचे मोठे कंत्राटदार, भारतातलेच पण मराठी न येणारे, साहेबांचे पत्त्यांचे दोस्त. बंदूक बागेच्या मालकाची, तिचं लायसन्सही त्याचंच. शेठकडे काहीच नव्हतं. मी म्हणालो, “साहेब, परमिट नाही.”

“मला माहीत आहे.”

“अरबाबनं सांगितलंय...”

“हात बाजूला कर.”

साहेबांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, काडतुसांचे खोके काउंटरवर ठेवले. शेठनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेब म्हणाले, “गाडीत ठेवून ये.” मी ठेवून आलो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं तेव्हा स्वतःला समजावलं. मासा मात्र माझ्याच अंगावर येणार होता.

तर बागेत. दुपार चढत होती, बाटल्या रिकाम्या होत होत्या. आणखी एक होला पडला. साहेबांनी चुटकी वाजवली. नुसती चुटकी. हातातले दोन पक्षी मी वाळूत खाली ठेवले.

“मी नाही उचलणार, साहेब.”

“नखरे करू नकोस. पाहुणे बघतायत.”

“नाही उचलणार.”

“क्या बोलता है ये?” शेठनी विचारलं.

“कुछ नहीं, थक गया है,” साहेब म्हणाले.

“थकान उतार दूँ?”

शेठनी बसल्या बसल्या नळी खाली केली आणि माझ्या पायांसमोर बार टाकला. वाळू उसळली, नडगीत आग शिरली. छर्रे पँट फाडून आत गेले होते. मी हललो नाही. शूर म्हणून नाही, भीती होतीच. पण त्या भीतीपेक्षा राग मोठा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

भांडण मिटावं म्हणून मुनीर धावला. “मैं लाता है साब, मैं लाता है!” त्यानं पक्षी उचलला, सरळ उभा राहिला, आणि त्याच वेळी पलीकडच्या झाडांतून होल्यांचा थवा उठला. शेठनी न बघता नळी फिरवली. बार मुनीरच्या तोंडावर बसला.

तो आधी ओरडला नाही. दोन्ही हात तोंडावर ठेवून गुडघ्यांवर बसला. बोटांच्या फटींतून रक्त येत होतं, कोपरांवरून गळत होतं. “पानी,” म्हणाला. मग जे ओरडला ते मी इथे लिहीत नाही. त्यानं आईला हाक मारली, एवढं पुरे.

शेठ म्हणाले, “बीच में क्यों आया साला?”

पाहुणे गाड्यांकडे पळाले. आणि आमचे साहेब? ते खाली वाकून वाळूतली रिकामी काडतुसं वेचत होते. रुमालात गोळा करत होते. मेलेल्या पक्ष्याला हात न लावणारा माणूस, पण पुरावा उचलायला त्याची कंबर बरोबर वाकली.

मी आणि बागेच्या ड्रायव्हरनं मुनीरला पिकअपमध्ये टाकलं. वाटभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. इस्पितळानं पोलिसांना कळवलं. पोलिसांनी शेठची गाडी उघडली तर आत आमच्या दुकानाच्या लेबलचा खोका. शेठ म्हणाले, दुकानातल्या सेल्समननं आणून दिला. खोटं नव्हतं ते. माझ्याच हातानं गाडीत ठेवला होता.

साहेब पाठोपाठ इस्पितळात आले. मला जिन्याखाली ओढलं. माझ्या पायाला पट्टी बांधणं चालू होतं, ते अर्धं सोडून.

“हे बघ, तू म्हणायचं, साहेब दुकानात नव्हते, मी दिली. थोडे दिवस आत राहशील. मग मी अरबाबशी बोलून सोडवतो. माझी फॅमिली आहे रे इथे, मुलीची बारावी आहे.”

“आणि मी?”

“तुझं काय? तुमच्या लोकांना जेलची कसली आलीय लाज?”

तिथे माझं अहोजाहो संपलं. इतकी वर्षं साहेब, तुम्ही, आपण, असं करत आलो होतो. आत्तापर्यंत लिहितानाही तसंच लिहिलं, जीभ वळलेली असते. इथून पुढे तो म्हणजे तो.

पोलीस ठाण्यात अधिकारी तरुण होता. त्याला हिंदी येत नव्हती. मॅनेजर पुढे झाला आणि गोड आवाजात म्हणाला, मी ट्रान्सलेट करतो. त्याला वाटायचं, मला अरबी म्हणजे यल्ला आणि खलास एवढंच येतं.

अधिकाऱ्यानं विचारलं, “मिनू बाअ?”

कोणी विकलं? बेअ, बाअ. दुकानात दिवसभर आम्ही दुसरं ऐकतो काय?

मॅनेजरनं मला हिंदीत विचारलं, “तेरा नाम क्या है, पूछ रहे हैं.” मी नाव सांगितलं. तो अधिकाऱ्याकडे वळला, माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, “हादा बाअ.” यानं विकलं.

माझं नाव. त्याच्या तोंडात गेलं आणि बाहेर येताना गुन्हा होऊन आलं.

“ला,” मी म्हणालो. नाही.

अधिकाऱ्यानं मान वर केली. मी तोडक्यामोडक्या अरबीत बोललो. व्याकरण गेलं खड्ड्यात. “अना मा बिअत. अना गिल्त, ममनूअ. हादा बाअ.” मी विकलं नाही. मी म्हणालो, मनाई आहे. यानं विकलं. आणि माझं बोट त्याच्या छातीवर.

अधिकाऱ्यानं मॅनेजरला बाहेर बसायला सांगितलं आणि दुसरा दुभाषा बोलावला. मी सगळं सांगितलं. खोका गाडीत मी ठेवला, हेही सांगितलं. दुभाषा मल्याळी होता, भला माणूस. हिंदीत म्हणाला, “ये मत बोलो भाई, तुम भी फँसेगा.” मी म्हणालो, “बोलो.”

बाहेर आलो तर मॅनेजरनं सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. “हरामखोर! खाल्ल्या ताटात घाण केलीस!” चोर तो चोर वर शिरजोर. दुसऱ्यांदा हात उचलला तो मी हवेत धरला आणि पिरगाळला. गळपट्टी धरून त्याला भिंतीवर आदळला. त्याच्या ओठातून रक्त आलं. मला बरं वाटलं, खोटं का बोलू? शिपायांनी ओढून काढला नसता तर मी थांबलो नसतो.

आम्हा दोघांनाही आत घेतलं. त्याचा वकील आला. माझ्याकडे त्याचे दोस्त आले, आपलीच मराठी मंडळी. जाळीपलीकडून म्हणाले, “कोर्टात बोलणं बदल. दुसऱ्या दुकानात लावून देतो. आपल्या माणसाला परक्यांसमोर उघडं पाडतोस?”

आपला माणूस. म्हणजे मी आज आपला झालो होतो.

कोर्टात त्याच्या वकिलानं तेच पुराण लावलं. गोळी झाडली त्यानं झाडली, विकणाऱ्याचा काय दोष? आणि दोष असलाच, तर खोका उचलून देणाऱ्याचा. म्हणजे मालकाला पाप लागत नाही आणि हमालाला लागतं. मला विचारलं तेव्हा मी पुन्हा तेच सांगितलं. मी नेलं, त्यानं विकलं.

मला शिक्षा झाली. भोगली आणि विमानात बसवून परत पाठवलं. त्याला माझ्याहून कमी झाली. शेठचं पैशांवर मिटलं. मुनीरचे दोन्ही डोळे गेले.

लोक विचारतात, काय मिळालं? काही नाही. नोकरी गेली, कपाळावर जेलचा शिक्का बसला. नडगीत एक छर्रा अजून आहे, थंडीत ठणकतो. पण माझ्या वाट्याचं मी फेडलंय. आता दुसऱ्याच्या वाट्याचं माझ्या डोक्यावर द्यायला कोणी येऊन बघावं. साहेब असो, शेठ असो, की आपला माणूस. ज्यानं किल्ली फिरवली त्याचं नाव मी घेणार. भर चौकात घेणार, त्याच्या मुलीच्या लग्नात घेणार, जिथे भेटेल तिथे घेणार. आणि त्याला विचारणार, मुनीरला काय दिसतं रे आता?