अक्काने ठेवलेली जागा

अक्का ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते आणि दुपारनंतर तिच्या दमलेल्या चेहऱ्याकडे बघवत नाही. नवऱ्याचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असतं. त्यानंतर त्याला एकट्याने जिना चढवत नाही, म्हणून त्या दिवशी तिला चार वाजता निघायचं असतं. नव्या वेळापत्रकासाठी साहेबांनी सगळ्यांच्या अडचणी विचारल्या, तेव्हा तिने एवढंच सांगितलं.

आमचं फ्रेमवर्क, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमचा तयार सांगाडा, ती सांभाळते. बाकीच्या टीमना डेटाबेसची जोडणी, निरोप पाठवणारा भाग, सगळं आपोआप जुळून हातात मिळतं. आयतं ताट. पण मीठ जरा कमी हवं असेल तर सगळा स्वयंपाक स्वतः करा, असा आजवरचा खाक्या. एका टीमला फक्त डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबण्याची मुदत वाढवायची होती, तर बिचाऱ्यांनी अख्खा भाग नव्याने लिहिला. म्हणून अक्काने सोय केली: भाग जुळला की फ्रेमवर्क त्या टीमने लिहिलेल्या छोट्या तुकड्याला, फंक्शनला, हाक मारणार, त्यांनी हवा तेवढाच बदल करायचा. कॉलबॅक म्हणतात त्याला.

साहेबांनी नाक मुरडलं. "एकाला हात घालू दिला की सगळे घालतील."

"घालू देत की," अक्का म्हणाली. "त्यासाठीच जागा ठेवतेय."

चाचणीत मुदत बदलेना. त्या टीमने तीस सेकंद सांगितले, हाक पोचली, तरी दहाच. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं: हाक आधी मारली जात होती आणि आमचे ठरलेले आकडे नंतर बसत होते. "म्हणजे विचारायचं आणि पुन्हा आपलंच खरं करायचं," ती पुटपुटली आणि हाक मारणारी ओळ आकड्यांच्या खाली नेली. तीस आले. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने फक्त डोळे चोळले.

बुधवारी वेळापत्रक आलं. सगळ्यांसारखं तिलाही रोज सहापर्यंत. ती साहेबांकडे गेली आणि लगेच परत आली.

"काय म्हणाले?"

"सिस्टीम वेळा आपोआप भरते म्हणे. बघतो म्हणाले."

मी संतापाने चहाचा कप तसाच बाजूला सारला. तिला संतापही येत नव्हता, इतकी दमली होती.

गुरुवारी चार वाजता तिने कॉम्प्युटर बंद केला, पर्स उचलली आणि कुणालाही न विचारता निघाली. थोड्या वेळाने साहेब आले. "अक्का कुठे आहेत?"

"नवऱ्याला आणायला गेल्या. तुम्ही विचारलं होतंत, त्यांनी सांगितलं होतं."

"पण वेळापत्रकात..."

"वेळापत्रक चुकलंय, साहेब," मी म्हणालो. "सोमवारीही त्या चारलाच निघणार आहेत."