न लागलेला दिवा

पिकून काळं पडलेलं केळं कुणी सोललं, की त्या वासानं मी अजून उठून बाहेर जातो. निवृत्तीनंतर मी धुळे रस्त्यावरच्या एका फाट्यावर रडार बसवून देत होतो. हमरस्त्यावर भरधाव गाडी आली की त्यानं फाट्यावर वळणाऱ्यांसाठी तांबडा दिवा लावायचा. ते लांबचं बघायला लावलं, तर त्याचे ठोके विरळ होतात आणि फार वेगात येणारी गाडी त्याला संथ वाटते, म्हणून मी ते जवळच्या टप्प्यावर ठेवलं होतं. उद्घाटनाला आलेले रस्ते खात्याचे साहेब म्हणाले, "पडद्यावर लांबच्या गाड्या दिसू द्या हो, पाहुणे आलेत." मी रडारचे आकडे बदलून ते लांबच्या टप्प्यावर नेलं. दुपारी केळ्यांचा ट्रॅक्टर फाट्यावर वळला आणि भरधाव ट्रकनं त्याला उडवलं. डिझेल, रक्त आणि केळ्यांचा चिकट लगदा तुडवत आम्ही पोचलो. पाय चिरडलेला ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघून कण्हत होता, "दिवा लागनाच नही, आबा!" "पिऊन आला असेल," म्हणत साहेबांनी रस्त्यावरचं एक धड केळं उचललं, सोलून खाल्लं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "घ्या, गोड आहे." गावात अजून त्या माणसाला दारुडा म्हणतात. तो प्यायलेला नव्हता. दिवा खरंच लागला नव्हता, आणि ते केळं मी खाल्लं.