मोठ्या गोलाखालची वस्ती

नारायणगावच्या वनखात्याच्या खोलीवजा ऑफिसात बिबट्याचे नकाशे बनत. बिबट्याने कुठे किती जनावरं मारली हे ज्योत्स्ना आलेल्या तक्रारींवरून कॉम्प्युटरवर भरायची. जनावरं जास्त, तितका त्या गावचा लाल गोल मोठा. पिंजरे कुठे लावायचे हे साहेबलोक त्या गोलांवरूनच ठरवत. गाडीत बसून वस्त्या हिंडण्यापेक्षा ते केव्हाही सोपं.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला तिच्या मामाची वस्ती. तिथे बिबट्या रोजचाच झाला होता, पण तक्रार कोण करणार? "एका शेळीपायी पंचनाम्यासाठी कुठं हिंडू?" मामी पारूबाई फोनवर म्हणायची. "यष्टीचा भरवसा न्हाई, सगळा दिवस मोडतो. तूच सांग तुज्या सायबाला, एक पिंजरा धाडा म्हनावं."

त्यामुळे वस्तीचा ठिपका तिळाएवढा, आणि तोही खालच्या बागायती गावाच्या भल्यामोठ्या गोलाखाली दडलेला. लहान ठिपके मोठ्यांच्या वर आणायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि आणावेतच. ज्योत्स्नाने आणलेही. वस्ती दिसली मात्र, तिच्या मनात आलं, उद्या कुणी म्हणेल, पोरीने मामाची वस्ती पुढे काढली. नावं ठेवायला आपल्याकडे निमित्त थोडंच लागतं! तिने ठिपके पुन्हा खाली ढकलले आणि नकाशा पाठवून दिला. आपण नातं मध्ये आणलं नाही, याचं तिला समाधानही वाटलं. कसलं डोंबलाचं समाधान!

पिंजरे खालच्या गावाला गेले. इकडे बांधावर गवत कापायला वाकलेल्या पारूबाईला बिबट्याने भरदिवसा धरलं. पारूबाई गेली.

माणूस मेला की नकाशावर काळा त्रिकोण येतो, सगळ्या गोलांच्या वर. मामीचा त्रिकोण ज्योत्स्नानेच रडत रडत बसवला. वस्तीवर पिंजरा लगोलग आला.

मामीच्या जलदानविधीच्या दिवशी वस्तीवर जेवणाचा मांडव पडला होता. भागुजीमामा तिच्याजवळ येऊन बसला. "आता दिसती का गं आमची वस्ती नकाशात?"

"दिसते, मामा."

"आदी नव्हती?"

"होती. मोठ्या गोलाखाली दबली होती. मला वर काढता येत होती." "लोक काय म्हणतील म्हणून नाही काढली."

मामाने मांडवाकडे हात केला.

"लोक बसल्यात बघ पंगतीला," तो म्हणाला. "ऊठ, वाढ त्यान्ला."